शेजारी शेजारी दोन रकाने

मराठी शाळेतून बारावी झालेली एखादी मुलगी कॉलेजात जाते. घरी मराठी, लोकलमध्ये हिंदी, वर्गात इंग्रजी. तिन्ही भाषा तिच्या कानावर असतात. सहामाहीला मात्र तिला एका प्रश्नाचं उत्तर इंग्रजीतून तीन-चार पानं लिहायचं असतं. काय लिहायचं ते तिला ठाऊक असतं. कसं लिहायचं, वाक्य कुठे सुरू करायचं, कुठे संपवायचं, एका मुद्द्यावरून दुसऱ्यावर कसं जायचं, हे तिला कुणी शिकवलेलं नसतं. शाळा म्हणते, आमचं काम संपलं. कॉलेज म्हणतं, हे शाळेतच व्हायला हवं होतं. मुलगी शेवटी गाइड उघडते आणि उत्तर पाठ करते.

हा प्रश्न आजचा वाटतो, पण आपल्या मुंबईत तो दोनशे वर्षांचा आहे. गंमत अशी की, त्याची उत्तरंही याच शहरात, गिरगावपासून परळपर्यंतच्या चार-पाच मैलांच्या पट्ट्यात, पुन्हा पुन्हा शोधली गेली आणि पुन्हा पुन्हा विसरली गेली. आज त्या शोधाचीच गोष्ट सांगायची आहे.

आधी थोडं माझं. मी लालबागच्या चाळीत वाढलो. वडील गिरणीत साचेखात्यात होते. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला मराठी शाळेतून अकरावी मॅट्रिक होऊन मी कॉलेजात दाखल झालो. पहिल्या सहामाहीत इतिहासाचा एक निबंध लिहिला. विषय होता मराठी सत्तेचा अस्त. शाळेत आमच्या सरांनी हा भाग रंगवून शिकवला होता, त्यामुळे सांगण्यासारखं पुष्कळ होतं. वही परत आली तेव्हा पहिल्या पानावर लाल शाईने एकच शब्द लिहिलेला होता, ‘लँग्वेज!’ पुढच्या पानांवर शाईचा ठिपकासुद्धा नव्हता. ती पानं वाचली गेली होती की नाही, हे मला आजवर कळलेलं नाही.

त्या दिवाळीत कॉलेज सोडायचं मी जवळजवळ ठरवलं होतं. गिरणीत बदली कामगार म्हणून लागणं तेव्हा फार अवघड नव्हतं. पण मराठीच्या एका प्राध्यापकांना ही वही दिसली. त्यांनी ती तिथेच, जिन्यात उभं राहून पूर्ण वाचली. मग म्हणाले, ‘‘तुझं म्हणणं बरोबर आहे, पण ते तू इंग्रजीत शोधत बसलास. आधी मराठीत लिही. पानाच्या मधोमध रेघ मार. एका बाजूला मराठी, शेजारी इंग्रजी. दर शनिवारी मला आणून दाखव.’’ वर्षभर मी शनिवारी वही दाखवत गेलो. ते चुका कमी दाखवत, प्रश्न जास्त विचारत. कॉलेज सुटलं नाही. पुढे मी त्याच पेशात शिरलो.

कितीतरी वर्षांनी मी ‘दर्पण’चा जुना अंक पाहिला आणि चमकलो. पानाच्या मधोमध रेघ, एका रकान्यात मराठी, शेजारच्या रकान्यात इंग्रजी. माझ्या शनिवारच्या वहीचा नमुना १८३२ सालचा होता.

बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी ‘दर्पण’ सुरू केलं, हे आपण शाळेत पाठ केलेलं असतं. त्या दिवशी आपण पत्रकार दिनही पाळतो. पण हे पत्र दोन भाषांत का होतं, याचा विचार आपण फारसा करत नाही. इंग्रजी रकाना केवळ साहेबाने वाचावा म्हणून नव्हता. इकडच्या लोकांनी विलायतेतल्या विद्या शिकाव्यात, त्यासाठी इंग्रजीचा अभ्यास करावा, आणि तो करताना आपल्या भाषेचा आधार सुटू नये, असा त्यामागचा हेतू होता. तरुण वाचकाने मराठी मजकूर वाचावा, नजर शेजारी न्यावी आणि तीच गोष्ट इंग्रजीत कशी मांडली आहे ते पाहावं. वर्तमानपत्र आणि पाठ्यपुस्तक, दोन्ही कामं एकाच कागदावर होत होती.

बाळशास्त्रींना ही गरज कळण्याचं कारण उघड आहे. ते स्वतः त्याच वाटेने आले होते. कोकणातल्या पोंभुर्ल्याहून पोरवयात मुंबईत आलेला मुलगा. घरची विद्या संस्कृत, बोली कोकणातली आणि शिकायची ती इंग्रजी. दहा वर्षांच्या आत हा मुलगा एल्फिन्स्टनमध्ये साहाय्यक प्राध्यापक झाला. १८४६ मध्ये त्यांचं निधन झालं तेव्हा त्यांनी चाळिशीही गाठली नव्हती.

त्यांच्या आधीही काही तयारी झाली होती. १८२२ मध्ये मुंबईत शाळा काढण्यासाठी आणि शाळांना पुस्तकं पुरवण्यासाठी एक मंडळी स्थापन झाली. पुढे १८२७ मध्ये तिचं नाव ‘बॉम्बे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी’ झालं. तिचे सचिव होते कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस. हा लष्करी इंजिनीअर. पण शिक्षण देशी भाषांतून दिलं तरच ते मुरेल, हा त्यांचा ठाम विश्वास होता. पंडितांना हाताशी धरून त्यांनी गणिताची पुस्तकं मराठीत आणली. सदाशिव काशिनाथ छत्रे, म्हणजे आपले बापू छत्रे, यांनी इसापनीतीच्या कथा आणि ‘बाळमित्र’ मराठीत आणलं ते याच काळात, १८२८ च्या सुमारास. १८२० च्याच दशकात जर्व्हिसच्या देखरेखीखाली मुंबईत एक इंजिनीअर इन्स्टिट्यूशन चालत असे आणि तिथे मोजणीचं व बांधकामाचं शिक्षण मराठी आणि गुजरातीतून दिलं जाई. २०२१ मध्ये मराठीतून इंजिनीअरिंगचा वर्ग सुरू झाला तेव्हा ‘इतिहासात प्रथमच’ असं आपण म्हणालो. इतिहास मनातल्या मनात हसला असेल.

याच काळात शब्दकोशही झाले. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ मध्ये छापून निघाला. इंग्रजी-मराठी कोश मोल्सवर्थने सुरू केला, पण आजारपणामुळे त्याला मायदेशी जावं लागलं आणि मेजर कँडीने तो १८४७ मध्ये पुरा केला. दादोबा पांडुरंगांनी १८३६ मध्ये मराठीचं व्याकरण लिहिलं. आता ही यादी एकत्र पाहा. दोन भाषांतली पुस्तकं, दोन भाषांचे कोश, व्याकरण, दोन रकान्यांचं पत्र. नव्या भाषेत शिकणाऱ्या मुलाच्या हाताशी काय काय असावं, याचा विचार इथे कुणीतरी केला होता. मुलाने आपापलं बघून घ्यावं, अशी समजूत तेव्हा नव्हती.

पुढे १८४० च्या दशकात मोठा वाद झाला. सोसायटीच्या जागी १८४० मध्ये सरकारी शिक्षण मंडळ आलं होतं. मंडळाचे अध्यक्ष झाले सुप्रीम कोर्टाचे न्यायाधीश अर्स्किन पेरी. त्यांचं म्हणणं, पैसा थोडा आहे, तो मोजक्या लोकांना इंग्रजीतून उत्तम शिकवण्यावर खर्च करावा. जर्व्हिस त्यांच्या विरुद्ध उभे राहिले आणि त्यांच्या बाजूने मंडळाचे तिन्ही हिंदी सभासद उभे राहिले. त्यांत एक होते गिरगावचे जगन्नाथ शंकरशेट. नाना शंकरशेट इंग्रजीचे शत्रू नव्हते. इंग्रजी शिक्षणासाठी त्यांनी जेवढी खटपट केली तेवढी फार थोड्यांनी केली असेल. पण ज्ञान चार जणांच्या कपाटात न राहता लोकांपर्यंत जायचं असेल तर ते त्यांच्या भाषेतूनच जाईल, आणि इंग्रजीसाठी देशी भाषांचा बळी देऊ नये, असं त्यांचं म्हणणं होतं. शेवटी तडजोड झाली. खाली देशी भाषा, वर इंग्रजी. कागदावर हा तोडगा बरा दिसतो. पण खालून वर जाण्याचा जिना कुणी बांधायचा, हे त्यात लिहिलेलं नव्हतं. आपल्या आजच्या दुखण्याचं मूळ मला तिथे दिसतं.

काही काळ हा जिना विद्यार्थ्यांनीच बांधला. १८४८ मध्ये एल्फिन्स्टनमधल्या तरुणांनी, प्राध्यापक पॅटन यांच्या मार्गदर्शनाखाली, ‘स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी’ काढली. दादाभाई नौरोजी त्यांतले एक. सभेत कुणीतरी आपला निबंध वाचायचा, इतरांनी त्यावर बोलायचं. या मंडळींनी लगेच आपल्या शाखा काढल्या, एक मराठीतून चालणारी आणि एक गुजरातीतून चालणारी, दोन्हींचं नाव ज्ञानप्रसारक. जे इंग्रजीत शिकलो ते आपल्या भाषेत लिहून दाखवायचं, लोकांना समजेल असं बोलायचं. १८५० मध्ये ‘मराठी ज्ञानप्रसारक’ मासिक सुरू झालं. याच तरुणांनी १८४९ मध्ये मुलींच्या शाळा काढल्या आणि सुरुवातीला तिथे स्वतः विनामूल्य शिकवलं.

मला या सभेचं फार अप्रूप वाटतं. लिहिलेलं कुणीतरी ऐकणार आहे, त्यावर बोलणार आहे, या खात्रीने माणूस जपून लिहितो. आणि एकच गोष्ट दोन भाषांत सांगावी लागली की ती आपल्याला समजली आहे की नाही, हे आपोआप उघड होतं. पाठांतर एका भाषेत चालतं. दुसऱ्या भाषेत तीच गोष्ट सांगायला गेलं की ते उघडं पडतं.

मग आलं विद्यापीठ. १८ जुलै १८५७ रोजी मुंबई विद्यापीठाची स्थापना झाली. १८५९ मध्ये पहिली मॅट्रिकची परीक्षा झाली. १३२ मुलं बसली, २२ उत्तीर्ण झाली. १८६२ मध्ये पहिले पदवीधर बाहेर पडले. महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, वामन आबाजी मोडक आणि बाळ मंगेश वागळे. ही चार नावं पाहिली की विद्यापीठाने केवढं काम केलं ते कळतं. पण त्याच १८६० च्या दशकात मॅट्रिकच्या पुढच्या अभ्यासक्रमातून मराठी, गुजराती बाहेर पडल्या आणि त्यांच्या जागी संस्कृतसारख्या अभिजात भाषा आल्या. पानाच्या मधली रेघ राहिली, पण डावा रकाना रिकामा झाला. विद्यापीठाचं मुख्य काम परीक्षा घेणं हे होतं. परीक्षा पेपर तपासते, लिहायला शिकवत नाही.

ज्यांना लिहिता येत होतं त्यांचं तरी काय झालं? रानड्यांच्या चरित्रांत एक प्रसंग येतो. विद्यार्थी असताना त्यांनी एका निबंधात मराठ्यांच्या राज्याची ब्रिटिश राज्याशी तुलना केली आणि ती ब्रिटिशांना मानवणारी नव्हती. प्राचार्य सर अलेक्झांडर ग्रँट यांना रानड्यांच्या बुद्धीचं कौतुक होतं, पण त्यांनी रानड्यांना समज दिली आणि त्यांची शिष्यवृत्ती सहा महिने बंद ठेवली. म्हणजे ज्याची भाषा पक्की त्याच्या विचारावर लाल शाई, आणि ज्याचा विचार पक्का त्याच्या भाषेवर. रानडे ही गोष्ट विसरले नसावेत. पुढे आयुष्यभर त्यांनी विद्यापीठात मराठीला परत जागा मिळावी म्हणून खटपट केली. ती थोडीफार फळाला आली तेव्हा १९०१ साल उजाडलं होतं आणि त्याच जानेवारीत रानडे गेले.

विद्यापीठाने हे काम अंगाबाहेर टाकल्यावर ते कुणी केलं? ते घराघरांतून झालं, आणि ज्याच्या घरात झालं नाही तो मागे पडला. याचं सर्वांत ठळक उदाहरण परळला सापडतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला डबक चाळीतल्या एका खोलीत सुभेदार रामजी आपल्या मुलाला शिकवत होते. खोली एकच, तीच स्वयंपाकाची, तीच झोपायची. मुलाने लवकर झोपायचं आणि रात्री दोन वाजता वडिलांनी त्याला उठवून अभ्यासाला बसवायचं. मुलाला पुस्तकांची ओढ, वडिलांपाशी पैसे नाहीत. मग लग्न झालेल्या मुलींकडून उसने आणायचे, प्रसंगी दागिना गहाण ठेवायचा. हा मुलगा म्हणजे भीमराव.

रामजींनी त्याला इंग्रजी शिकवलं ते हॉवर्डच्या वाचनमालेवरून आणि तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवरून. तर्खडकरांचं नाव ऐकलं की अजून काही घरांत थट्टा होते. ‘तर्खडकरी इंग्रजी’ म्हणजे घोटून घोटून बसवलेलं, इस्त्रीचं इंग्रजी. पण त्या पुस्तकाची रीत नीट पाहा. शब्द द्यायचे, नियम सांगायचा, मग मराठी वाक्यं इंग्रजीत करायला लावायची आणि इंग्रजी वाक्यं मराठीत. पुन्हा तेच दोन रकाने. फरक एवढाच की आता ते वर्तमानपत्रात वा कॉलेजच्या सभेत नव्हते, चाळीतल्या कंदिलाखाली होते आणि तपासायला लष्करातून निवृत्त झालेला एक बाप होता.

दुसरा आधार गिरगावात मिळाला. विल्सन हायस्कूलमधले शिक्षक कृष्णाजी अर्जुन केळुसकर संध्याकाळी चर्नी रोडच्या बागेत वाचत बसत. तिथेच येऊन अभ्यास करणारा हा मुलगा त्यांच्या नजरेस पडला. त्यांनी विचारपूस केली, पुस्तकं दिली, काय वाचावं ते सांगितलं. १९०७ मध्ये भीमराव मॅट्रिक झाले तेव्हा परळच्या सत्कारात केळुसकरांनी त्यांना स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र भेट दिलं. ते मराठीत होतं. पुढे सयाजीराव महाराजांकडून शिष्यवृत्ती मिळवून देण्यातही केळुसकरांचा हात होता. एल्फिन्स्टन कॉलेजात प्राध्यापक म्युलर यांनी पुस्तकं पुरवली. १९१२ मध्ये बी.ए. आणि १९१३ मध्ये न्यूयॉर्कचं कोलंबिया विद्यापीठ. ज्या माणसाने पुढे जगाने वाचावं असं इंग्रजी लिहिलं, त्यानेच ‘मूकनायक’ आणि ‘बहिष्कृत भारत’ मराठीत लिहिले. त्यांचे दोन्ही रकाने शेवटपर्यंत भरलेले राहिले.

ही गोष्ट सांगताना आपण ‘केवढी जिद्द!’ म्हणतो आणि थांबतो. जिद्द तर होतीच. पण मला दुसरा हिशेब दिसतो. वडील तसे नसते, बागेतल्या बाकावर केळुसकर बसलेले नसते, तर? त्या काळच्या परळ-लालबागच्या चाळींतली किती मुलं केवळ बाक रिकामं होतं म्हणून परत गेली असतील?

हा हिशेब खुद्द बाबासाहेबांनीही केला असावा, असं त्यांच्या पुढच्या कामावरून वाटतं. १९४५ मध्ये त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापली आणि २० जून १९४६ रोजी मुंबईत सिद्धार्थ कॉलेज सुरू केलं. नोकरी करणाऱ्या मुलांसाठी वर्ग सकाळी लवकर भरत. मुलं तास आटोपून कचेरीत, कारखान्यात जात. ग्रंथालयाकडे बाबासाहेबांचं जातीने लक्ष होतं. विद्यार्थ्यांची स्वतःची ‘संसद’ होती, तिथे उभं राहून बोलायचं, वाद घालायचा. १८४८ ची ती निबंधाची सभा जणू शंभर वर्षांनी पुन्हा भरली, या वेळी वेगळ्या मुलांसाठी.

तिथून काय निघालं ते पाहा. याच कॉलेजच्या परिसरात सिद्धार्थ साहित्य संघ उभा राहिला. त्या चळवळीतून १९५८ च्या मार्चमध्ये दादरला, नायगावच्या बंगाली हायस्कूलमध्ये पहिलं दलित साहित्य संमेलन भरलं आणि उद्घाटन केलं अण्णा भाऊ साठ्यांनी. ज्यांच्या घरात लिहिण्याची परंपरा नव्हती ते लिहू लागले, आणि मराठी साहित्याची दिशा बदलली. पुढच्या पिढ्यांत ही मंडळी वाढतच गेली. नव्या भाषेत लिहायला मदत केली की मुलं आपली भाषा विसरतात, अशी भीती काहीजण घालतात. सिद्धार्थचा अनुभव याच्या नेमका उलटा आहे.

गिरणगावातही थोडं काम झालं होतं. ना. म. जोशी यांनी १९११ मध्ये सोशल सर्व्हिस लीग स्थापली. लीगने कामगारांसाठी रात्रशाळा आणि वाचनालयं चालवली. दिवसपाळी करून आलेला माणूस कंदिलाखाली अक्षरं गिरवत असे. पुढे स्वातंत्र्य आलं, दादर-परळ भागात नवी कॉलेजं निघाली, गिरणी कामगारांची मुलं त्यांत गेली. १९८२ च्या संपानंतर तर शिक्षण हाच अनेक घरांचा एकमेव आधार उरला. कला शाखेत मराठीतून उत्तरं लिहिण्याची मुभा मिळाली, तिचा माझ्या अनेक विद्यार्थ्यांना फायदा झाला. पण वाचायची पुस्तकं बहुतेक इंग्रजीच राहिली. इंग्रजी वाचून मराठीत लिहायचं, हेही एक कौशल्य आहे आणि तेही कुणी शिकवलं नाही. २००० मध्ये महाराष्ट्राने पहिलीपासून इंग्रजी सुरू केलं. मुलं इंग्रजी लवकर ऐकू लागली, ही गोष्ट चांगली. पण बोललेलं समजणं वेगळं आणि मुद्देसूद चार पानं लिहिणं वेगळं.

असं फक्त आपल्याकडेच घडतं असंही नाही. १९७० मध्ये न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीने शहरातल्या सगळ्या शालान्त विद्यार्थ्यांना दारं उघडली. कृष्णवर्णीय, पोर्तो रिकोहून आलेली, घरी वेगवेगळ्या भाषा बोलणारी मुलं वर्गात आली. त्यांचे निबंध पाहून प्राध्यापक हबकले. ही मुलं कॉलेजच्या लायकीची नाहीत, असं बोललं जाऊ लागलं. मीना शॉनेसी नावाच्या प्राध्यापिकेने मात्र असे सुमारे चार हजार निबंध घेतले आणि ते खरोखर वाचले. १९७७ मध्ये तिने त्यावर पुस्तक लिहिलं. तिचं म्हणणं थोडक्यात असं की, या चुका निष्काळजीपणाच्या नाहीत, त्यांच्यामागे तर्क आहे. मुलगा एक नियम मनाशी धरून लिहितो, तो नियम चुकीचा किंवा अर्धवट असतो. तो कुठून आला ते शोधा, मग सुधारणा करता येईल. आपल्याकडचंच उदाहरण घ्या. मराठी मुलगा इंग्रजी वाक्यात क्रियापद शेवटी नेतो किंवा ‘द’ गाळतो, कारण त्याच्या भाषेत क्रियापद शेवटीच येतं आणि ‘द’ नसतोच. ही चूक त्याच्या अडाणीपणाची खूण नाही, त्याला एक भाषा पक्की येत असल्याची खूण आहे. मराठी जाणणाऱ्या शिक्षकाला ती क्षणात कळते. नुसतं ‘लँग्वेज!’ लिहिणाऱ्याला कधीच कळत नाही.

आपल्या कॉलेजांतूनही पूरक वर्ग चालतात, त्यांसाठी अनुदानही मिळालेलं आहे. पण त्यांचं सरकारी मराठी नाव पाहा, ‘उपचारात्मक अध्यापन’. उपचार आजाऱ्यावर करतात. दोन-तीन भाषा येणं हा आजार कधीपासून झाला? नावच असं असलं की मुलं वर्गाच्या दारात कचरतात. मी माझ्या कॉलेजात अशा वर्गाची पाटी काढून टाकली आणि फळ्यावर नुसतं ‘शनिवारची वही’ लिहिलं. मुलं येऊ लागली.

माझ्या नोकरीच्या शेवटच्या वर्षांत एक मुलगी या वर्गाला यायची. परळची. आजोबा तेलंगणातून गिरणीत विणकाम करायला आलेले. घरी तेलुगू, शाळा मराठी, पदवी इंग्रजीतून. मी सगळ्यांना सांगतो तसं तिलाही सांगितलं की आधी मराठीत लिही. पुढच्या शनिवारी तिने वही उघडली तर पानावर दोन रेघा, तीन रकाने. पहिल्या रकान्यात तिने देवनागरीत तेलुगू लिहिलं होतं. तिला तेलुगू लिपी येत नव्हती. म्हणाली, ‘‘सर, आजीला विचारलं की गिरणी बंद झाली तेव्हा काय झालं. ती जे बोलली ते आधी उतरवून घेतलं.’’ तिच्या इंग्रजी रकान्यात चुका होत्या, त्या आम्ही दोघांनी बसून काढल्या. पण गिरणगावाच्या इतिहासावरचा इतका जिवंत निबंध मी त्या वर्षी दुसरा वाचला नाही. ती थेट इंग्रजीतून लिहायला बसली असती, तर आजी त्या निबंधात आलीच नसती.

२०२० च्या शैक्षणिक धोरणाने उच्च शिक्षणात भारतीय भाषांना जागा देण्याचं म्हटलं आहे. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, आपण पेढे वाटले. आता थोडं घरचं काम करू या. प्रत्येक कॉलेजात आठवड्यातून एक दुपार, एक टेबल, दोन्ही भाषा जाणणारा एक शिक्षक. मुलाने लिहिलेलं आणावं, शिक्षकाने ते त्याच्यासमोर पूर्ण वाचावं आणि विचारावं, ‘‘तुला नेमकं काय म्हणायचं आहे?’’ त्याला उत्तर मराठीत देऊ द्यावं, तेलुगूत, हिंदीत, उर्दूत, गुजरातीत देऊ द्यावं. मग दोघांनी मिळून शेजारचा रकाना भरावा. याला फार पैसा लागत नाही. जर्व्हिस आणि बाळशास्त्रींनी शिळाप्रेसच्या काळात हे केलं, रामजी सुभेदारांनी एका खोलीत केलं.

माझी ती पहिली वही मी अजून ठेवली आहे. लाल शाई आता फिकट झाली आहे. ज्या सरांनी ती जिन्यात उभं राहून वाचली ते आज हयात नाहीत. वही वाचायला त्यांना दहा मिनिटं लागली असतील. आज संध्याकाळी तुमच्या शेजारच्या खोलीत एखादी मुलगी वहीवर मान घालून बसली असेल, तर तिला एवढी दहा मिनिटं द्या. लिहिलेलं मोठ्याने वाचून दाखव म्हणा, आणि नीट ऐका.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)